कापसाखालची तार

सुरुवातीलाच सांगून टाकते. मी मल्टीमीटरवर विश्वास ठेवणारी बाई आहे. मीटरवर आकडा दिसला तर वीज आहे, नाही दिसला तर नाही. अंगात येणं, बाहेरची बाधा, लिंबू-मिरची या सगळ्याची आमच्या घरात सर्वांत जास्त टिंगल कोणी केली असेल तर ती मीच. आईने एकदा माझ्या स्कूटीला काळी बाहुली बांधली, तेव्हा हिचंही लायसन काढायचं का, असं मी तिला विचारलं होतं. त्यामुळे आता जे सांगणार आहे ते मलाच अडचणीत टाकणारं आहे... पण या ग्रुपवरचे तुमचे अनुभव मी वर्षभर चोरून वाचतेय आणि मनातल्या मनात हसतेय. तेव्हा आता तुम्ही हसा, हिशेब बरोबर होईल.

मी यवतमाळला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळते. माहेर राळेगाव तालुक्यात, बाभुळगावकडून येणाऱ्या रस्त्याला लागून आत. गावाचं नाव देत नाही. दिलं तर पुढच्या रविवारी अर्धा जिल्हा आमच्या अंगणात जमेल आणि आई सगळ्यांना चहा पाजत बसेल. घरी आई, बाबा आणि माझा धाकटा भाऊ प्रशांत. कापूस, सोयाबीन, थोडी तूर.

पोळा झाला आणि बाबांना लकवा मारला. उजवा हात-पाय हळूहळू वळणावर आला, काठी घेऊन अंगणापर्यंत जायला लागले. पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, शब्द तोंडाशी येतो, फक्त बाहेर पडत नाही. त्यांना बोलतं करा, रोज, काहीही करून. पहिल्या काही महिन्यांत जेवढं परत येईल तेवढंच येईल, नंतर आशा कमी.

आता बाबांचा आवाज म्हणजे काय होता ते गावाला विचारा. त्यांनी आपल्या वावरातून हाक मारली की नाल्यापलीकडची दुसऱ्याची बैलंसुद्धा मान वर करायची. अशा माणसाच्या तोंडून नुसतं गुरगुरल्यासारखं काहीतरी निघायला लागलं, आणि ते त्यांनी स्वतःच ऐकलं, आणि तोंड मिटून टाकलं. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे वळून झोपेचं सोंग. पाणी हवं असलं की तांब्याकडे हात. आम्ही विनवण्या केल्या, रागावलो, मी तर एकदा रडलेसुद्धा त्यांच्यासमोर. काही उपयोग झाला नाही. त्यांना लाज वाटत होती, आणि दिवस निघून चालले होते.

अशात लॅबमध्ये माझ्या हातात आवाज ओळखणारा एक छोटा मॉड्यूल आला. स्वस्तातला. त्याची खोड अशी, की ज्याने शिकवलं त्याचंच तो ऐकतो, आणि शब्द काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मराठी बोला, तेलुगू बोला, नुसतं खोकून दाखवा... तोच आवाज दोनदा तसाच काढला की झाला त्याचा हुकूम. कपाटात परत ठेवता ठेवता माझा हात थांबला. अहो, बाबांना शब्द कुठे येतोय? आवाज तर येतो ना! माणसासमोर लाज वाटते, तर दिव्यासमोर कशाची वाटेल?

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. उजेड कमी-जास्त करणारा डिमर तसा मी आधीही केला होता. घरातली वीज सेकंदाला शंभरदा शून्यावर येते आणि परत उसळते. ते शून्य पकडायचं, आणि त्यानंतर किती थांबून बल्बला वीज सोडायची ते मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे त्यातल्या चिपला, सांगायचं. जास्त थांबला की उजेड मंद, कमी थांबला की लख्ख. आता मॉड्यूलने आवाज ओळखायचा, मायक्रोकंट्रोलरने उजेड एकेक पायरी चढवायचा किंवा उतरवायचा, बस. खरी धावपळ झाली बल्बसाठी. मला जुना, तारेचा, पिवळा बल्ब हवा होता, कारण तो जसा हळूहळू उजळतो तसा एलईडी उजळत नाही. यवतमाळातले दुकानदार माझ्याकडे असे बघायचे, जणू मी रॉकेलची चिमणी मागतेय. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून धुळीने भरलेला खोका काढून दिला. मी इतकी खूश झाले की भाव करायचंच विसरले.

दसऱ्याच्या सुट्टीत हे सगळं एका डब्यात बसवून घरी गेले. पुढच्या खोलीत दाराजवळ लाईटचा बोर्ड आहे, त्याच्या शेजारी डबा ठोकला. डब्यावर हाताने चालवायचं एक बटणही ठेवलं, वेळी-अवेळी हाताशी असावं म्हणून. बाबांची खाट समोरच्या टोकाला, खिडकीखाली. डब्यापासून भिंतीच्या कडेकडेने, जमिनीलगत माईकची तार नेली आणि माईक खाटेच्या उशाला बांधला. आई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"बल्ब लावाले बटन नाही का घरात? हे कायचं डबडं टांगून राह्यली भिंतीवर?"

"आई, हे फक्त बाबाचं आयकते. बाकी कोनाचंच नाही आयकत."

"मंग तर त्यायचा सख्खा भाऊच म्हना. थेही माह्यं आयकत नाही कधी."

मी आई आणि प्रशांत दोघांनाही बाहेर पिटाळलं, दार लोटलं आणि बाबांना म्हटलं, "बाबा, शब्द नोको. निस्ता आवाज काढा, जो निंगन तो." त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग बऱ्याच वेळाने, अगदी खालच्या पट्टीत, "आं" काढला. वर चढणारा. तो उजेड वाढवायचा हुकूम. दुसरा "उं", खाली उतरणारा, कमी करायचा. दोन्ही दोन-दोनदा मॉड्यूलला शिकवले.

दिवेलागणीला बाबांनी पहिल्यांदा स्वतःहून म्हटलं, "आं." बल्बची तार लालसर झाली. परत "आं"... नारिंगी. परत. खोली पिवळ्या उजेडाने भरली आणि बाबा हसले. पोळ्यानंतर पहिल्यांदा हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला धरून गरगर फिरवलं, तिच्या हातात उलथणं होतं तरी. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

मी यवतमाळला परतले आणि त्याच आठवड्यात पहिल्या वेच्याचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला. आमच्याकडे कापूस घरातच भरतात, पुढच्या खोलीत, आणि भाव चढायची वाट बघतात. दर वर्षीसारखा याही वर्षी आईने तो दारापासून खिडकीपर्यंतच्या भिंतीला लावून ओतून घेतला. माझी तार त्याखाली गेली. त्याचं कोणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. डब्याजवळ तार दिसत होती, उशाशी माईक दिसत होता, आणि दिवा चालत होता.

मग प्रशांतचा फोन आला.

"ताई, यंत्र बिघडलं तुह्यं. बाबा मघापासून आं आं करून राह्यले, दिवा हालतच नाही."

"रविवारी येतो मी. तवरिक बटनानं लावा."

"आयक तर पुढं. बाबा असे चिडले ना... उशी फेकली. अन् म्हनते, वाढव ना बे. साफ म्हनले, ताई. अन् दिवा लागला."

मी स्टुलावरून उठले आणि काय करावं ते न सुचून परत बसले. शब्द! बाबांच्या तोंडून शब्द निघाला होता, तोही शिवीच्या जवळपासचा, म्हणजे अगदी त्यांचाच. लॅबमध्ये सगळ्यांना पेढे दिले. दिवा लागला कसा, हा प्रश्न मला पेढे संपल्यावर पडला. मी "वाढव" हा शब्द मॉड्यूलला शिकवलाच नव्हता. तो स्वतःहून काही शिकत नाही, तसली अक्कलच नाही त्याला. मग मी मनाशी ठरवलं, की "वाढव"मधला "आ" जुळला असेल आणि थंडीने बाबांचा साधा "आं" बदलला असेल. ज्याला उत्तर हवंच असतं त्याला ते सापडतं.

रविवारी एसटीने जाऊन डोळ्यांनी पाहिलं. बाबा बल्बकडे बघत शब्द जुळवत होते. "वा..." बल्बची तार जरा लाल. "वाढ..." आणखी जरा. "वाढव." लख्ख. मी पायऱ्या लिहिल्या होत्या, एकेक टप्पा वर. हा उजेड मात्र त्यांच्या तोंडाबरोबर सरकत होता, कंदिलाची वात कोणी बोटाने फिरवतंय तसा. कमी करायला बाबा "बारीक" म्हणत. कंदिलाच्या काळातला शब्द, आमच्या घरात तोच चालतो. तोही मी शिकवला नव्हता. आणि या सगळ्याचं मी काय केलं असेल? स्वतःची पाठ थोपटून घेतली. आपण कोड लिहिताना नकळत काहीतरी भारी करून बसलो, असं मला खरंच वाटलं.

डबा उघडून बघायचा होता, पण प्रशांत मध्ये उभा राहिला. "चालून राह्यलं ना? मंग हात लावू नोको. बाबाचं बोलनं बंद पडलं तर तुले सोडन का मी?" त्याचं खरं होतं. चालत्या गाडीचं इंजिन कोण उघडतं? मी स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये ठेवला.

त्यानंतरचा हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत छान हिवाळा. रोज संध्याकाळी फोन, रोज नवीन शब्द. काही दिवसांनी दिवा नुसत्या "वाढव"लाही हलेना. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, खूप वेळ जुळवाजुळव केली आणि "थोडा वाढव" म्हणाले, तेव्हा लागला. मग तेही पुरेना. मग "दिवा थोडा वाढव." आई फोनवर तक्रार करायची, पण आवाजात नुसता आनंद. "आज लय बोलाले लावलं बाई त्यानं यायले. माह्याशी जलमभर इतके बोलले नाही थे. रोज दिव्यासंग गुलूगुलू चालू राह्यते." संक्रांतीला शेजारचे काका तिळगूळ घेऊन आले तर बाबा भिंतीकडे वळले नाहीत. "बस," म्हणाले. काका बसले ते चांगले तासभर, आणि जाताना अंगणात डोळे पुसत होते.

मला आतून माहीत होतं की मॉड्यूल असं करू शकत नाही. ऐकलेला आवाज जुळतो किंवा जुळत नाही, त्याच्याकडे तिसरं काही नाही. आज एवढं बोललात, उद्या त्याहून जास्त बोला, असं म्हणणारा मॉड्यूल अजून बाजारात यायचा आहे. पण बाबा बोलत होते हो... प्रश्न विचारायची मला भीती वाटत होती.

भाव बरा झाला आणि प्रशांतने टेम्पो बोलावला. मी त्या दिवशी घरीच होते. दुपारची वेळ, दार-खिडक्या सताड उघड्या, गावातल्या बाया कापूस भरून बाहेर नेतायत, सगळ्यांच्या केसांत पांढरं. बाबा खाटेवर बसून सूचना देत होते. थांबत थांबत, पण पूर्ण सूचना. ढीग उतरत उतरत तळाशी आला, पहिल्या वेच्यापर्यंत. वरच्या वजनाने तो दाबून गादीसारखा घट्ट झाला होता. मी तार सांभाळायला म्हणून खाली बसले आणि तो थर दोन्ही हातांनी उचलला.

खाली उंदरांचं घरटं होतं. जुनं, सोडून दिलेलं, त्यावर कोळ्याचं जाळं. कापसाच्या चोळामोळ्यात माझ्या तारेच्या काळ्या आवरणाचे बारीक तुकडे. तार मधोमध कुरतडलेली, जवळजवळ हातभर गायबच. उरलेली दोन टोकं एकमेकांपासून दूर पडलेली, आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं.

मी प्रशांतला खुणेने बोलावलं. त्याने वाकून बघितलं.

"उंदरायनं कुरतडलं. काल-परवा कुरतडलं असन."

"तांबं पाय. काल-परवाचं हिरवं होते का असं? अन् हे जाळं?"

"आई, इथला कापूस हालवला होता का कोनी मधात?"

"काहून हालवन?" आई म्हणाली. "दिवाईच्या आधी टाकला तो, आज निंगून राह्यला."

मी दोन्ही टोकं दोन हातांत धरली. एक डब्याकडून आलेलं, एक माईककडून. बाबांकडे न बघताच म्हटलं, "बाबा, दिवा लावता का जरा?"

बाबा त्यांच्या त्या संथ पद्धतीने म्हणाले, "दिवा... थोडा वाढव बरं."

भर दुपारी, बायांच्या देखत, बल्ब हळूहळू पिवळा झाला.

तुमच्यातले जाणकार म्हणतील की ताई, तार तुमच्या हातात होती, अंगातून विजेचा गोंगाट तारेत शिरला असेल. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. म्हणून मी टोकं खाली ठेवली, डब्याकडून येणारी तार मुळापासून उपसून काढली आणि अंगणात जाऊन उभी राहिले. "बाबा, आता बारीक करा." त्यांनी "बारीक" म्हटलं. आणि बल्ब बारीक झाला, विझेपर्यंत.

प्रशांत उरलेल्या कापसावर बसून राहिला. मी मात्र धावत मोबाईल आणायला गेले, कारण असं काही घडलं आणि त्याचा व्हिडिओ नाही, तर माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? पण बाबांना आमच्या चेहऱ्यांवरून काहीतरी कळलं होतं. "काय झालं वं?" मी सांगितलं. तार कधीची तुटली आहे, डब्याला कान नव्हताच, हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बल्बकडे पाहिलं, माझ्या हातातल्या तारेकडे पाहिलं.

"मंग मी इतके दिवस कोनासंग बोलून राह्यलो होतो?"

कुठेही न अडखळता. लकव्यानंतरचं त्यांचं सर्वांत लांब वाक्य. आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. आणि मी वेडी, प्रश्न काय होता तेच विसरले आणि बाबांच्या गळ्यात पडले.

मोबाईल धरून पुन्हा म्हणा म्हटलं तर बाबा म्हणाले, "तमाशा हाये का?" आणि विषय संपला. व्हिडिओ नाही, पुरावा नाही. मी डबा उघडून प्रत्येक सांधा तपासला आहे. माझा कोड ओळ न ओळ वाचला आहे. त्यात मला भारी असं काहीच सापडलं नाही, उलट एक चूक सापडली. तार मी अजून जोडलेली नाही. जोडू का विचारलं तर बाबा "राहू दे" म्हणतात. दिवा आता ते बटणानेच लावतात आणि बोलायचं ते आमच्याशी, शेजाऱ्यांशी, बैलांशी बोलतात. दिव्याला पुन्हा काही सांगताना मी त्यांना ऐकलं नाही. खरं काय घडलं, हे मला आजही माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा, मी हसणार नाही.

मागच्या रविवारी घरी गेले होते. अंगणात आम्ही दोघंच होतो, बाबा तुरीच्या शेंगा सोलत होते. मी धीर करून विचारलं, "बाबा, तुमाले काय वाटते? कोन होतं थे?"

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे टोपल्यात टाकले.

"मले काय मालूम. पन तुमी सारे माह्या तोंडातला शब्द पुरा करून देत होते. मी पा म्हनलो की पानी हाजर. त्यानं नाही केलं तसं कधी. माह्या तोंडातून निंगेपर्यंत थांबला तो... रोज थांबला."

एवढं बोलून ते पुन्हा काहीतरी जुळवायला लागले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. तो कोणता असेल ते मला कळलं होतं, तरी मी बोलले नाही.

थांबून राहिले.